मास्तर आज चुका काढत नाहीत

(युगांडातल्या किगोबा गावच्या रुग्णालयाची छोटीशी रेडिओ-खोली. शनिवारची सकाळ. ‘पाळण्यापासून काठीपर्यंत’ हा कार्यक्रम चालू आहे.)

सिस्टर नाकिमेरा : ...आणि पाणीसुद्धा नाही, बरं का! सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला फक्त अंगावरचं दूध. सासूबाई म्हणतील, ऊन किती आहे, लेकराचा घसा सुकेल. त्यांना सांगा, दुधात पाणी असतंच.

मुकीबी : ऐकलंत, समस्त सासूबाई? वाटी-चमचा फडताळात ठेवा! आणि सिस्टर, ते स्टँडवरचे मोटारसायकलवाले विचारतायत, दिवसभर बसून कंबर धरते, त्याचं काय?

सिस्टर : गिऱ्हाईक नसतं तेव्हा गाडीवरच आडवे होऊन घोरतात, म्हणून धरते. उतरायचं, चार पावलं चालायचं, पाठ ताणायची. पोट पुढे आलंय ते वेगळंच.

मुकीबी : हेच मी त्यांना परवा म्हणलं! मी म्हणलं, अरे... थांबा, थांबा, फोन! श्रोतेहो, शनिवारी या वेळेला कुणाचा फोन असणार? आपले निवृत्त हेडमास्तर, जुळ्या मुलींचे बाप म्हणून सालोंगो, लुब्वामा! दर शनिवारी मला भाषा शिकवणारे. मी आत्ता मुद्दाम ‘म्हणलं’ म्हणालोय, दोनदा. मास्तर, घ्या छडी हातात!

सालोंगो : कोण बोलतंय?

मुकीबी : मी मुकीबी, मास्तर. तुम्हीच फोन लावलात.

सालोंगो : मी नाही लावला. तू लावलास. का लावतोस? इथे शेळी... खुर्चीवर शेळी कुणी बसवली?

मुकीबी : शेळी? मास्तर, आज भलतेच रंगात आहात!

सालोंगो : हसू नकोस! गाढव! सगळे हसतात. घंटा... घं... कुणी वाजवली घंटा? उभे राहा सगळे.

मुकीबी : अरे बापरे. श्रोतेहो, उद्या मास्तरांच्या मुलीचं, बाबिर्येचं क्वांजुला, मुलाकडची मंडळी मागणी घालायला येणार. वधूपित्याने आनंदात सकाळीच केळ्याच्या दारूचा भोपळा उघडलेला दि—

सिस्टर : मुकीबी, गाणं लाव.

मुकीबी : आं?

सिस्टर : गाणं! लांबलचक असेल ते. लगेच.

मुकीबी : आणि आता, श्रोतेहो, थोडं ढोलावर नाचू या... हं. लावलं. माइक बंद, फोन आता फक्त आपल्या कानात. काय झालं, सिस्टर? लोक पोट धरून हसत असतील!

सिस्टर : त्यांनी तुझी चूक काढली नाही.

मुकीबी : मला वाटलं, आज माफ केलं.

सिस्टर : त्यांनी कधी कुणाला माफ केलंय? आणि हा माणूस चर्चमधला ज्येष्ठ. दारू तोंडालाही लावत नाही. जीभ जड झालीय त्यांची. मास्तर! सालोंगो! ऐकू येतंय? जवळ कोण आहे? नालोंगोंना हाक मारा!

सालोंगो : नालोंगो कोण?

सिस्टर : तुमच्या जुळ्यांची आई! नालोंगो! अहो नालोंगो! फोन घ्या!

नालोंगो : कोण ओरडतंय माझ्या नावाने? द्या इकडे तो फोन. अहो, सोडा! हॅलो?

सिस्टर : मी रुग्णालयातली नाकिमेरा.

नालोंगो : अगं बाई, तूच भेटलीस ते बरं. सकाळपासून वीट आणलाय यांनी. मी अंगणात उद्याची केळी सोलत बसलेय, तर बाहेर येऊन मला विचारतात, तू कुणाकडची? मी म्हटलं, मीच इथली, तुम्ही कुणाकडचे ते सांगा!

सिस्टर : घाम आलाय त्यांना?

नालोंगो : शर्ट पिळावा इतका. आणि हात बघ कसे थरथरतायत. चिडलेत म्हणून असेल.

सिस्टर : खाल्लं काय सकाळी?

नालोंगो : चहासुद्धा नाही. रात्रीही ताट सारलं. उद्या मेजवानी आहे, आज पोट रिकामं ठेवतो, म्हणाले. माणूस म्हातारा झाला की पोराच्या वरताण होतो.

सिस्टर : त्यांना हसायला सांगा.

नालोंगो : यांना? लग्नाच्या फोटोतसुद्धा हसले नाहीत गं!

सिस्टर : सांगा तर. चेहरा एका बाजूला ओढला जातो का, एवढंच बघा.

नालोंगो : अहो, हसा! दात दाखवा! ...हसले बाई. दोन्ही गाल वर गेले. काय भीती वाटते बघून.

सिस्टर : आता दोन्ही हात वर करायला सांगा.

नालोंगो : केले. सारखेच आहेत. सिस्टर, असं का विचारतेस? काय झालंय यांना? खरं सांग.

सिस्टर : सांगते. आधी साखर आणा.

नालोंगो : साखर नाही घरात. यांनीच हद्दपार केली. मी बिनसाखरेचा चहा पितेय कधीपासून, तोंड वाकडं करून!

सिस्टर : मध? उसाचा रस?

नालोंगो : मध संपला. ऊस परसात आहे, पण तोडायचा कधी आणि पिळायचा कधी?

मुकीबी : सिस्टर, मी काबांडाला कळवलंय, तो रुग्णालयाची गाडी घेऊन निघतोय! गाणं संपत आलंय, दुसरं लावू?

सिस्टर : लाव! नालोंगो, घरात गोड काय आहे? काहीही. आठवा!

नालोंगो : सोड्याचा क्रेट आहे, पण तो पाहुण्यांचा. एका बाटलीला हात लावशील तर बघ, असं कालच बजावलंय यांनी.

सिस्टर : फोडा बाटली.

नालोंगो : अगं, मुलाकडची माणसं काय म्हण—

सिस्टर : नालोंगो! फोडा!

नालोंगो : ओरडू नकोस, फोडते. बाबिर्ये! उघडणी कुठे ठेवलीस? बाबिर्ये! कुठे उलथली ही कार्टी... राहू दे. दातांनी उघडते. ...हं. उघडली. नारिंगी आहे, चालेल?

मुकीबी : दातांनी! वा नालोंगो!

सिस्टर : कुठलीही चालेल. त्यांना नीट बसवा, आडवं करू नका. गिळता येतंय ना? आधी एक छोटा घोट.

नालोंगो : गिळला. नाही... तोंड फिरवतायत. हात झटकला! अर्धी माझ्या अंगावर सांडली. ऐकतच नाहीत गं. सिस्टर, ऐकत नाहीत हे... डोळे मिटायला लागलेत.

सिस्टर : फोन त्यांच्या कानाला लावा. लावलात? मुख्याध्यापक सर! मी नाकिमेरा. तुमच्या शाळेतली. सर, लापशीची वेळ झालीय!

सालोंगो : ...लापशी?

सिस्टर : सगळी मुलं रांगेत उभी आहेत, सर. पेला रिकामा झाल्याशिवाय कुणी मैदानावर जायचं नाही. तुमचाच नियम आहे. तुमचा पेला भरलेला दिसतोय!

सालोंगो : नियम... सर्वांना सारखा.

सिस्टर : मग संपवा, सर. मुलं बघतायत.

नालोंगो : पितायत! अगं, पितायत! दोन्ही हातांनी बाटली धरलीय. शाळकरी पोरासारखे पितायत गं!

मुकीबी : वा! शाब्बास, मास्तर!

सिस्टर : हळूहळू प्यायला सांगा. पूर्ण बाटली. झाली की दुसरी उघडून ठेवा.

नालोंगो : उघडते. पाहुणे गेले खड्ड्यात. ...आता बोल. साखर का लागते यांना? घरातून काढायला लावतात, आणि तू म्हणतेस आण. तुला काय माहीत आहे?

सिस्टर : ते त्यांनी तुम्हाला सांगायचं, नालोंगो. मी नाही.

नालोंगो : म्हणजे आहे काहीतरी. दर महिन्याला इस्त्रीचा कोट घालून निघतात. कुठे, विचारलं तर म्हणे चर्चच्या कामाला. मी काय समजायचं? मी समजले, ठेवलीय कुणीतरी. रात्रीच्या रात्री मनातल्या मनात त्या बाईच्या झिंज्या उपटल्यात मी.

मुकीबी : सिस्टर, तुमच्या झिंज्या ठीक आहेत ना?

सिस्टर : तू गप्प बस.

नालोंगो : काय म्हणाला तो?

सिस्टर : काही नाही. चेहरा कसा आहे त्यांचा? घाम?

नालोंगो : कमी झालाय. इकडेतिकडे बघतायत. कपाळावर आठी आलीय, नेहमीची.

सालोंगो : नालोंगो, हे काय? पाहुण्यांच्या सोड्याच्या बाटल्या का फोडल्यास? मी काल स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं.

नालोंगो : अहो! मी कोण?

सालोंगो : म्हणजे काय? हा कसला प्रश्न? आणि तुझा सगळा झगा नारिंगी का झालाय?

नालोंगो : आले! सिस्टर, आले भानावर! ओळखलं मला! रागावलेत, म्हणजे बरे आहेत!

मुकीबी : मास्तर! मास्तर, जीव टांगणीला लावलात हो! मी म्हणलं, आता काही खरं नाही!

सालोंगो : म्हटलं.

मुकीबी : काय?

सालोंगो : म्हणलं नव्हे, मुकीबी. म्हटलं. तुला किती शनिवार सांगायचं?

मुकीबी : सांगा, जन्मभर सांगा! आजपासून रोज चुकतो मी!

सिस्टर : सर, आता लगेच जेवायचं. केळ्यांचं मटोके, शेंगदाण्याचा रस्सा, जे शिजलं असेल ते. सोडा लवकर उतरतो, पुन्हा तेच व्हायचं. आणि काबांडा गाडी घेऊन येतोय, त्याच्याबरोबर इकडे यायचं. आज तुम्हाला नजरेखाली ठेवायचंय.

सालोंगो : एवढं काही झालेलं नाही.

सिस्टर : सकाळची गोळी रिकाम्या पोटी घेतलीत ना?

सालोंगो : नाकिमेरा, इथे नालोंगो ऐकते आहे.

नालोंगो : ऐकू दे नालोंगोला! कसली गोळी?

सालोंगो : ...मधुमेहाची.

नालोंगो : कधीपासून?

सालोंगो : जुळ्या शिकायला बाहेरगावी गेल्या, तेव्हापासून.

नालोंगो : आणि मला सांगायला काय झालं होतं? मी काय गावभर दवंडी पिटणार होते?

सालोंगो : मी आयुष्यभर मुलांना रांगेत उभं करून कवायत शिकवली. शरीर कसं सांभाळावं, यावर भाषणं दिली. मग मलाच हा रोग. कोणत्या तोंडाने सांगणार? शिवाय घरात दोन मुली लग्नाच्या. लोक म्हणतील, यांच्या रक्तातच आहे.

नालोंगो : आणि मी काय समजून बसले होते, ठाऊक आहे? असू दे. सांगेन कधीतरी. आधी खा. हे घ्या. हाताने भरवू का?

सालोंगो : मला हात आहेत.

मुकीबी : मास्तर, खाता खाता एक ऐकाल? तुमचा फोन... सुरुवातीला रेडिओवर गेला. शेळी, घंटा, सगळं.

सालोंगो : कोणती शेळी?

मुकीबी : आणि मी... मी मूर्खासारखा बोलून बसलो की सकाळीच केळ्याची दारू घेतली असेल. चूक माझी आहे, मास्तर. माझा दुसरा फोन तेव्हापासून वाजतोय. मुलाचे काका दोनदा बोलले. विचारतात, उद्या यायचं की नाही.

नालोंगो : देवा रे! माझी बाबिर्ये!

सिस्टर : घाबरू नका, नालोंगो. मी सांगते रेडिओवर, सरांना उन्हाची चक्कर आली होती. अर्धं खरंच आहे ते. पुढचं कुणाला कळायची गरज नाही, सर. तुमचं आजारपण तुमचं आहे.

सालोंगो : ऊन आज नाही. सकाळपासून ढग आहेत. हे वाक्य चुकीचं होईल.

सिस्टर : सर...

सालोंगो : घास संपू दे. ...मुकीबी, तो ढोल बंद कर. माइक लाव.

मुकीबी : नक्की, मास्तर?

सालोंगो : मी एकदाच सांगतो.

मुकीबी : श्रोतेहो! किगोबातले आणि टेकडीपलीकडचे! मास्तर लुब्वामा परत आलेत. पण आधी माझं ऐका. मी मघाशी दारूचं बोललो ते साफ खोटं होतं. माझी जीभ सैल सुटली. मास्तर, बोला.

सालोंगो : सुप्रभात. मी लुब्वामा बोलतो आहे. मला मधुमेह आहे. आज मी औषध घेतलं आणि जेवलो नाही. त्यामुळे रक्तातली साखर घसरली आणि मला माझी पत्नी ओळखता येईना. तिने पाहुण्यांचा सोडा फोडून मला पाजला, म्हणून मी आता बोलतो आहे. तुमच्या घरात कुणी ही औषधं घेत असेल आणि घामाघूम होऊन वेड्यासारखं बोलू लागेल, तर हसू नका. शुद्धीत असेल, गिळता येत असेल, तर गोड पाजा आणि दवाखान्यात न्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, तडक न्या. आणि हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं. उद्या आमच्याकडे येणाऱ्या मंडळींना विनंती, यायचं की नाही ते त्यांनी खुशाल ठरवावं. एवढंच.

मुकीबी : सिस्टर, बघा, बघा! सगळ्या लाइन लागल्या! एक बाई म्हणतायत, माझ्या आईला पण असाच घाम येतो, कुठे दाखवू? एक शिक्षक आहेत... हे कोण, स्टँडवरचे... आणि थांबा, काका! मुलाचे काका!

नालोंगो : काय म्हणतात? लवकर सांग!

मुकीबी : म्हणतात, उद्या येणार, ढोल घेऊन येणार! आणि माझ्या ताटात भात जरा कमी वाढा, म्हणतात. त्यांनाही आहे. त्यांच्याही घरी आज पहिल्यांदाच कळलं.

नालोंगो : बाबिर्ये! अगं बाबिर्ये, कुठे आहेस? येतायत ते!

सिस्टर : एकेक फोन दे, मुकीबी. आधी घामवाल्या आईचा. नालोंगो, गाडी आली का?

नालोंगो : ती काय, फाटकाशी हॉर्न वाजवतोय काबांडा. चला हो, उठा. मी पायात चपला घालते.

सालोंगो : तू कशाला? उद्याची एवढी कामं पडलीयत. आणि तिथे सकाळपासून बाकावर नुसतं बसून राहायचं असतं.

नालोंगो : मग थोडं सरकून बसा.