अंताकियाचा पहारेकरी

तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? नात झोया शाळेसाठी अंताकिया शहराचा इतिहास लिहीत होती. ख्रिस्ती हे नाव म्हणे तिथंच पडलं. पुढे शहर दुसऱ्यांच्या हाती गेलं, ते परत घ्यायला क्रूसवाल्या ख्रिस्ती फौजेनं वेढा घातला, पण तट फुटेना. शेवटी बुरुजावरच्या पहारेकऱ्यानंच शत्रूला आत घेतलं.

"का?" मी विचारलं.

"ही वॉज अँग्री विथ हिज बॉस, दादा."

"राग आला तर व्हिसा कॅन्सल करून गावी जायचं. शत्रूला आत घ्यायचं नाही. लिही."

तिनं लिहिलं. टीचरनं मार्क कापले, वर मला फोन. "अंकल, हिस्ट्री में अपनी राय नहीं लिखते."

म्हटलं, "मॅडम, इथं आखातात रास अल खोरच्या गोदामावर तीस वर्षं पहारा केलाय. साहेब रोज शिव्या घालायचा. विचारा त्याला, एक खिळा तरी गेला का."