हॅटवाला माझा, पगडीवाला नथूचा

—न्हाई न्हाई, तुमी गादीवर टेका साहेब, मी हितं पुढं बसतो, मला सवय हाय. आन त्या पगडीवाल्याकडं वळूवळू बघू नका, गेला तो. आमच्या गड्यानं, नथूनं, उचलला त्याला ठेसनातनंच, दुसऱ्या गाडीत घालून. कुटं? सांगतो की, समदं सांगतो. कुरवंड्याची वाट लांबची हाय, आन माझी दमणी कशी चालती ते बघताय न्हवं — हा डावीकडला बैल मामलेदार, हा उजवीकडला वकील. नावं मीच ठिवलीत. एक जागचा हलत न्हाई आन दुसरा हलला तर भलतीकडं वढतो. ए मामलेदार, सायेब बसल्यात मागं, चल की! — बघा, कान तरी हलवला का?

तर मी गेणू. गेणूआबा म्हणत्यात. रतनचा आज्जा. तुमी आलात ते लय झ्याक केलं. पोर म्हणली, आबा, प्रोफेसर सोता येनार हायेत, आजच्याच गाडीनं. मला वाटलं, थट्टा करती. आमच्या घरात थट्टेचा मान माझा, पण नातीनं तो घेतला म्हंजी काय बोलायचं? पण खरंच आलात. मी ठेसनात हुबा ऱ्हायलो, पुण्याची गाडी आली, आन उतरलात तुमी — डोक्याला ही हॅट, डोळ्याला चष्मा, कोटाच्या खिशात पेनाचं टोपण चमकतंय. मी पोरीला वळखायची खूणबी पुसली न्हवती. पुसायचं काय त्यात? इद्या कदी लपून ऱ्हाती व्हय? मी नथूच्या कानात म्हणलं, हॅटवाला माझा, पगडीवाला तुझा. आन दोघांस्नी पुसलं, कुरवंड्याला, महिपतीच्या घरी ना? तुमीबी मान हलवली, त्यानंबी हलवली. सोपं काम.

हां, तुमी आलाय कशाला ते मला ठाऊक हाय, लाजू नका. पोरगी बी.ए. झाली, गणितात, पैल्या वर्गात. मामाकडं पुण्याला राहून झाली — बापाच्या मनात न्हवतं, मामानं बळंच नेली. आता तिला एम.ए. करायचंय, त्याबी गणितात. अर्ज दिलाय. पण तुमच्या कालेजात पोरींस्नी घेत्यात तवा तुमचं हे — काय म्हणत्यात — मन खातं. मदीच लगीन झालं, गेली निघून, जागा फुकट गेली. म्हणून तुमी म्हणलात, घरच्या वडीलधाऱ्याचा शब्द पायजे, मग अर्ज पुढं जाईल. बराबर? आता हसू का रडू ते सांगा. पोरीनं पेपर लिवलं, तुमीच तपासलं, तुमच्याच हातानं गुण दिलं — त्याची खात्री तुमाला पटना. आन खात्री कुणाची पायजे? माझी! मी तिसऱ्या यत्तेत मास्तराच्या खुर्चीला खाजकुयली लावली आन शाळेनं मला हात जोडलं. माझी सही म्हंजी दगडावर आपटलेला खिळा. ती सही असली म्हंजी एम.ए. व्हतं! लय थोर कारखाना हाय बाबा तुमचा.

राग आला? न्हाई ना. गप बसलाय म्हंजी इचार करताय. शिकलेली मान्सं अशीच.

मी पुसलं तिला, अगं एम.ए.ला असतं काय? म्हणली, आबा, एक सरळ रेघ हाय आन एक वाकडी. वाकडी रेघ सरळीच्या जवळ जवळ जाती, जल्मभर जाती, पण शिवत न्हाई. मी म्हणलं, हात्तिच्या, हे तर तुजा बाप आन नांगर! ह्याला पुण्याला कशाला जायचं? लय हसली. आन गावाचं तर इचारूच नका. पोरगी गणित शिकली म्हणल्यावर धोंडाबाई आली — म्हैस हरवलीवती तिची — म्हणली, रतन, जोशीबुवा गणित मांडून सांगतो तशी तू सांग, म्हैस कुटल्या दिशेला गेली? पोर म्हणली, मावशी, आमच्या गणितात म्हैस येत न्हाई. धोंडाबाई कमरेवर हात ठिवून म्हणती कशी, मग इतकी वर्सं तितं केलंस काय गं? — आता सांगा, चुकली का धोंडाबाई? मला तर पटलं तिचं.

पण पोरीला नाद हाय, साहेब. असला नाद मी बघितला न्हाई. चुलीवर भात ठिवती आन कोळशानं भितीवर कायतरी मांडत बसती — भात कोळसा, भितबी कोळसा, दोन्हीत फरक वळखू येत न्हाई. पाण्याला जाती ती घागर इसरून येती. परवा गोठ्यात शेणात बोटानं रेघा वढत हुती! तिची आय डोकं बडवून घेती. मी म्हणतो, बडव, पोरगी मोजील किती येळा. सैपाक? न्हाई हो, सैपाक काय येतोय तिला. तुमाला कशाला पायजे सैपाक? कालेजात शिकवत्यात व्हय? — हां, चौकशी म्हणून. करा, करा.

बरं, तो पगडीवाला. आता ऐका मजा. महिपतीनं — माझा ल्योक, पोरीचा बाप — आजच पोरीला दाखवायचं ठरवलं. पुण्याचा कंत्राटदार हाय म्हणं, ल्योकासाठी सून बघाया येनार. त्याच गाडीनं! महिपतीला तुमचं ठाऊक न्हाई, ते मला आन रतनलाच. तो तिकडं इस्तरीचा कोट घालून वसरीवर बसलाय, पवं भिजत घातल्यात. मी म्हणलं, मी जातो बाबा गाडी घेऊन, पाव्हण्यांस्नी आणतो. आन नथूला सांगून ठिवलं — त्या कंत्राटदाराला गावात आणायचाच न्हाई. बाहीरच्या वाटंनं न्यायचा थेट नागफणीच्या डोंगरावर. म्हणायचं, पोरगी आदी वर देवाच्या पाया पडाया येनार, तितंच बघा. आन देवाचं ठिकाण म्हणून जोडं काढून घ्यायचं, म्हंजी पळाया नको! बसंल वैशाखात खडकावर, एक पाय वर, एक पाय खाली. सांजच्या गाडीपातूर बसंल. खाया करवंदं हायेत, भुकेनं मरत न्हाई.

हसा की साहेब! — हे तिसरं गिऱ्हाईक हाय माझं. पैल्याला म्हणलं, पोरगी लय गुणाची, फकस्त झोपंत उठून चालती, उशाला कोयता घेऊन. दुसऱ्याला म्हणलं, हिच्यासाठी आलेल्या पैल्या नवऱ्याला अजून हुडकत्यात. त्यो चा अर्धा टाकून गेला. महिपतीला वाटतं, पोरीच्या नशिबातच कायतरी खोट हाय. खोट हितं बसलीय, पुढं, बैल हाकतीय!

काय म्हणला? उंची? — माझ्या खांद्याला लागती. का बरं? अर्जात उंचीबी लिवायची? लिवा, बाकावर मावंल. रंग? सावळा. आता रंगाचं आन तुमच्या वाकड्या रेघेचं काय — असू द्या, सरकारी काम, त्यात अर्थ बघू नये. डावा डोळा थोडा बारका हाय, तेबी लिवा, पण फळ्यावरचं समदं दिसतं.

आता तुमचं काम करतो, मग घर येईलच. हे भुशीचं वळण, हितनं आमच्या भैरोबाचा कळस दिसतो. ऐकून ठिवा. मी गेणू, भैरोबाची आण घेऊन शबूद देतो — पोरीचं एम.ए. हुईस्तवर, दोन वर्सं, मी तिचं लगीन व्हऊ देनार न्हाई. बाप आडवा आला तर मी आडवा. जल्मात थट्टेबिगार दुसरं काई केलं न्हाई मी, पण ह्ये थट्टा न्हाई. तिकडं गेली तर मला हसाया घरात कोन ऱ्हाईल, ते मीबी रातीचं — जाऊ द्या. शबूद दिला. झालं तुमचं समाधान? आता अर्ज पुढं धाडा.

काय? — बैलांच्या घुंगरात ऐकू आलं न्हाई. परत बोला.

देवक?

आमचं देवक कंचं ते तुमाला — हो मामलेदार. हो वकील. थांबा रं.

देवक पुसलंत. सोयरीक जमती का न्हाई ते बघाया. गणितात देवक लागत न्हाई, पाव्हणं. तेवढं माज्याबी ध्यानात हाय.

म्हंजी तुमी कंत्राटदार. आन इतका येळ गप बसून ऐकत हुता — भात, भित, कोयता, समदं! आन तो पगडीवाला... आरं देवा. म्हाताराच हुता त्यो. हाताला छत्री हुती. मला म्हणलाबी, "रतनचे आजोबा का?" — आन मी म्हणलं, बसा, बसा, नथू हाय न्हवं. नथूनं जोडंबी काढून घेतलं आसनार. पोरीची सारी इद्या तिकडं अनवाणी खडकावर हुबी हाय, आन मी हितं हॅटीला गूळ लावत बसलोय!

उतरा पाव्हणं. दटावू नका, मला येळ न्हाई. ठेसन ह्या वाटंनं सरळ मागं, चुकायचं कारण न्हाई. घरी? घरी कशाला, पवं माज्या प्रोफेसराला लागत्यात. आन ऐकून जावा — शबूद मी तुमास्नी दिलाय, भैरोबाची आण घेऊन, दोन वर्सं लगीन न्हाई. चुकीच्या मान्साला दिला म्हणून काय फिरत न्हाई त्यो. तुमीच साक्षीदार. उतरा म्हणतो ना! हॅट संबाळा, वारा हाय — चल मामलेदार, चल रं वकिला, आज तरी दोघं एकाच दिशेला वढा रं!