पोचल्याचा फोन

दवाखान्यातून फोनवर बायको वारल्याचं कळलं, त्या दिवसापासून म्हातारा कुठंही पोचला तरी कुणाला फोन करत नसे. आजही लांबून शहरात आल्यावर तो पंक्चर निघेपर्यंत गॅरेजच्या बाकावर बसला होता. शेजारी डोंगरातून आलेले दोन मित्र भांडत होते.

“पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडलीस, शहाण्या! अख्खा घाट ब्रेकवर!”

“तूच म्हणालास ना, उतारच आहे, जाऊ दे!”

“ब्रेक नुसते तापलेत,” मेकॅनिक म्हणाला. “निवले की लागतील.”

“हुश्श! जीव भांड्यात पडला. आता वहिनींना फोन लाव.”

“ब्रेकचं सांगू?”

“गाढवा, नुसतं पोचलो म्हण.”

“हॅलो, पोचलो गं आम्ही. अगं, रडतेस काय?”

म्हाताऱ्यानं चष्मा पुसला आणि फोन हातात घेतला. मुलीला कळवायचं राहिलं होतं.