फोटोखालचा शब्द

(दूध संस्थेच्या दारात, सकाळी. संस्थेचे चेअरमन गहिनीनाथ यांचा दहावा काल झाला. अंजना त्यांची मुलगी, शहरात इंग्रजीची प्राध्यापक; मुंजाजी संस्थेत दूध मोजतात.)

मुंजाजी : चेरमनच्या फोटोखाली एवढा एकच शब्द इंग्रजीत पायजे, ताई. पेंटर वडवणीहून आलाय, तासाभरात जातो म्हनतो. लिवून द्या की.

अंजना : कोणता शब्द, काका?

मुंजाजी : हंबल.

अंजना : हा तुम्हाला कुणी सांगितला?

मुंजाजी : चेरमननी. दुष्काळात आपल्या संस्थेनं चारा छावणी लावलती, त्या साली तुमच्या कालेजात गेलते न्हाई का, खरवसाचा डबा घेऊन?

अंजना : माझा सत्कार होता. छावणीतून तसेच आले. धोतर धुळीनं भरलेलं. खुर्च्या पाहुण्यांच्या म्हणून व्हरांड्यात खाली बसले.

मुंजाजी : हितं तरी कवा खुर्चीवर बसले? सारजाबाई अर्धा लिटर दूध घेऊन भुईवर टेकली, की हे तिच्या म्होरं भुईवर. आमी म्हनायचो, चेरमनची खुर्ची मांजरीला आंदण दिलीय.

अंजना : आणि शब्द?

मुंजाजी : एस्टीत घोकत आले. उतरले ते थेट धर्मराज गुरुजींकडं, डिक्शनरी काढायला लावली. गुरुजी म्हनले, हंबल म्हंजी नम्र. हे म्हनले, शब्द आला कुटून ते बघा. म्हैस घेताना तिच्या आईचं दूध इचारनारा मानूस, असा सोडतोय व्हय!

अंजना : लॅटिनमधून आलाय. मुळात माती, जमीन. जमिनीलगतचा तो हंबल.

मुंजाजी : आस्संच गुरुजी म्हनले. मग काय! ‘लेक सायबाला म्हनली, ह्यो मातीचा मानूस हाय.’ महिनाभर तेच. दूध नासलं तरी राग न्हाई. मी म्हनलं, आता हंबल झालात, वरडायची सोय न्हाई.

अंजना : तो शब्द नका लिहू, काका.

मुंजाजी : कावून?

अंजना : हलका, खालच्या पायरीचा, असाही त्याचा अर्थ आहे. मी तोच अर्थ घेतला होता.

मुंजाजी : आमाला काय कळतंय त्यातलं.

अंजना : प्राचार्यांनी विचारलं, हे कोण? मी इंग्रजीत म्हणाले, गावाकडचे एक हंबल गृहस्थ आहेत. वडील आहेत, असं म्हणाले नाही. आबा दोन हात अंतरावर उभे होते, डबा घेऊन. त्यांना इंग्रजी कळत नाही, या एका गोष्टीवर मी सात वर्षं काढली.

मुंजाजी : ताई, ‘फादर’ एवढं कळत व्हतं त्यांना.

अंजना : म्हणजे?

मुंजाजी : एकदा कॅन धुताना म्हनले, ‘मुंज्या, पोरगी फादर काय म्हनली न्हाई. मी धुळीनं भरलेला, लाजली आसंल.’ पुन्यांदा तोंडातून काढलं न्हाई. मलाबी काढू दिलं न्हाई.

अंजना : आणि तरी तो शब्द गावभर सांगत फिरले?

मुंजाजी : तुमी दिलेला तेवढाच व्हता की त्यांच्यापाशी.

अंजना : (डोळ्यांना पदर लावते.)

मुंजाजी : रडू नका. पेंटर खोळंबलाय. हंबल नको, तर काय लिवायचं?

अंजना : नाव लिहा. त्याखाली, मराठीतच, ‘अंजनाचे वडील’.

मुंजाजी : आवो, ते सगळ्या गावाला ठावं हाय.

अंजना : असू द्या. लिहा.