वाढत्या अंगाची सायकल

हसू नका, पण मापाची सायकल बनवून घ्यायची की नाही, हे माझ्या आईने ठरवलं. अंबडला एक जण हाताने फ्रेम बनवतो. शिंप्यासारखा टेप लावून तो माझे हात-पाय मोजत होता. हौसेने सोबत आलेली आई म्हणाली, "जरा वाढत्या अंगाचं माप घ्या हो."

"मावशी, हा शर्ट नाही. लोखंड नंतर उसवता येत नाही. आणि बेचाळिसाव्या वर्षी हे कुठे वाढणार?"

"उंचीचं नाही म्हणत मी. पोट बघा की त्याचं!"

त्याने बघितलं आणि टेप गुंडाळला. "साहेब, आधी हे एका जागी थांबवा, मग या."

चार महिने जुनी सायकल दामटून बारीक झालो आणि परत गेलो. आईही आली. त्याने टेप काढताच म्हणाली, "थांबा, एवढी दिवाळी होऊ द्या."