दुसरी वाटी

संयोगिता : हिशोब नीट ऐक, वसीम. एक पुणेकर चिडला की तो गप्प बसत नाही, दहा जणांना कळवतो. ते दहा जण आपली जाहिरात बघतात, चिडण्यासाठी का होईना. असे पन्नास चिडले की पेपरात बातमी. बातमी आली की धोंडुबाई चटणीचं दुसरं दुकान कळंब्याच्या रस्त्याला. आणि दुसरं दुकान झालं की सासूबाई पहिल्याची किल्ली परत मागायच्या नाहीत. आता सांग, किती चिडले?

वसीम : वहिनी, चार दिवस झाले. तीन लाख लोकांनी बघितली. चिडलेला एकबी न्हाई.

संयोगिता : एकही नाही?

वसीम : कमेंटा वाचून डोळं दुखाय लागलं. नुसती हसत्यात.

संयोगिता : अरे, तीस सेकंदांत आपण त्यांची पार अब्रू काढलीय! पुण्याचा पाहुणा कोल्हापुरात आपल्याकडं जेवायला बसतो, तांबड्या रश्श्याचा एक घोट घेतो, ठसका लागतो, डोळ्यांतनं धारा, आणि विचारतो काय, तर ‘यात साखर घालायची राहिली का?’ वर आमच्या सासूबाई पोट धरून हसतायत. यावर चिडायला कमी काय आहे?

वसीम : एकाचं पत्र आलंय की. दीड पान.

संयोगिता : हां! वाच, वाच. शिव्या असतील.

वसीम : ‘आपली जाहिरात पाहिली. काही दुरुस्त्या सुचवतो. एक, आमच्याकडे रश्श्यात साखर नव्हे, गूळ घालतात. दोन, भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे अडीच दिसतात. त्या वेळी पुणेकर कुणाच्याही घरी जात नाही. तीन, पाकिटावर तिखट हा शब्द तीनदा आहे, एकदा पुरे. अर्धा किलो पाठवावी. टपालखर्च आपला.’

संयोगिता : बघ की! चेष्टा आपण केली आणि टपालखर्चही आपलाच.

वसीम : थांबा, खरी गोष्ट पुढंच हाय. सकाळी पुण्याच्या एका दुकानदाराचा फोन आलता. गिऱ्हाईक जाहिरात दाखवून चटणी मागतंय म्हणं. महिन्याला शंभर किलो घेतो म्हणतोय.

संयोगिता : शंभर! आणि हे तू आत्ता सांगतोस?

वसीम : अट एकच. दिवाळीपर्यंत जाहिरात हाय तश्शी चालू ठेवायची.

संयोगिता : ठेवू की! मी पहिल्यापासनं म्हणत होते, पुणेकरच घे म्हणून.

वसीम : पहिल्यापासनं न्हाई वहिनी, शेवटी. पहिल्यांदा मी गुजराती शेठ लिहिला. तुम्ही म्हटला, मिरची त्याच्याकडनं येती. मग कानडी आप्पा लिहिला. तर सासूबाईंचं माहेर निपाणीकडं. मग कोकणातला काका लिहिला, तर घाटाखालचं सगळं गिऱ्हाईक फुटंल म्हटला. ऱ्हायलं कोण? ज्यांच्याकडं आपलं एक पाकीट जात नव्हतं, ते.

संयोगिता : धंदा आहे बाबा. चेष्टा कुणाची करायची ते आधी गिऱ्हाइकांची यादी बघून ठरवावं लागतं.

वसीम : मी म्हटलं, मुसलमान घेऊ, मीच करतो. तर तुम्ही एकदम गारच पडला.

संयोगिता : भ्याले मी. कोण कुठनं काय बोलेल!

वसीम : जाहिरातीतला मुसलमान म्हंजे डोळ्यांत सुरमा, हातात बिर्याणीचा घास, आन् तोंडात ‘जनाब’. आमचं अब्बा पंप दुरुस्त करत्यात, त्यांना उभ्या जन्मात कुणी जनाब म्हटलं न्हाई. ‘मौला, माझा पंप झाला का रं?’ एवढंच म्हणत्यात.

संयोगिता : मग तुला राग नाही येत?

वसीम : येतो की. पण असल्या जाहिरातीला हसणारी मंडळीच मला लग्नाचं शूटिंग देत्यात. म्हणून म्हणतो, कॅमेऱ्याचा हप्ता गेला की रागवायचं. तवर पुढचा हप्ता येतोय.

संयोगिता : मला बाई लगेच येतो. ती दंतमंजनाची जाहिरात बघितलीस? कोल्हापुरी पैलवान, एवढ्या मिशा, दातानं नारळ सोलतोय, आणि म्हणे आम्ही सगळे ओरडूनच बोलतो! चार पानी तक्रार केली मी. चार पानी!

वसीम : वहिनी, हळू.

संयोगिता : मी ओरडत नाहीये!

(सासूबाई धोंडुबाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दुकानात येतात.)

धोंडुबाई : कोपऱ्यावर आवाज येतोय. कोण गेलं?

संयोगिता : आत्ती! आलात गगनबावड्याहून? गेलं कुणी नाही, आलंय. शंभर किलोची ऑर्डर.

धोंडुबाई : ऱ्हाऊ दे ती. पाच दिस भाचीकडं हुतो, तितं फोन लागंना का काय न्हाई. आन् येताना एस्टीत सगळी माझ्याकडं बघून दात काढाय लागली. एक बाई म्हणती, ‘आज्जी, साखर देऊ का?’ मला काय कळंना. वश्या, माझ्या तोंडाचं काय केलंस? दाव.

वसीम : बघा की आज्जी. हिरोईन झालायसा.

धोंडुबाई : ...परत लाव.

वसीम : आवडली न्हवं?

धोंडुबाई : परत लाव म्हटलं. ...संपलं?

वसीम : तीस सेकंद. एवढीच.

धोंडुबाई : आन् माझी दुसरी वाटी?

संयोगिता : कुठली वाटी, आत्ती?

धोंडुबाई : कुठली म्हंजे? त्या पोराला ठसका लागला, मी हसलो, खरं हाय. हसू आलंच. पन मग पदरानं वारा घाटला, दही दिलं, आन् म्हटलं, ‘पावणं, आता पांढरा घ्या, ह्यो न्हाई जाळत.’ वाटी भरून म्होरं ठेवली. त्यो नको नको म्हणतोय तरी ठेवली. ते कुठं हाय?

वसीम : कापलं, आज्जी. तीस सेकंदांत बसंना. आन् तितनं म्होरं हसू गळत हुतं.

धोंडुबाई : म्हंजे जगाला दिसलं काय? धोंडुबाईच्या पाटावर पावणा रडतोय, आन् धोंडुबाई खदाखदा हसती. पाणीसुदीक इचारत न्हाई. आन् त्याच तोंडाचा फोटू पाकिटावर!

संयोगिता : अहो, गंमत आहे ती! अख्ख्या पुण्यात एक माणूस चिडला नाही.

धोंडुबाई : पुण्यात न्हाई चिडलं. हितं चिडलंय. मी.

संयोगिता : पण तुमच्यावर विनोदच नाहीये!

धोंडुबाई : पुण्याचं तोंड पोळतं म्हण, दहादा म्हण. मीबी हसंन. पन पावण्याला एका वाटीवर उठवलं, ह्यो बोल या गावातल्या कुठल्या घराला लागलाय का? पैलवानापायी तू चार पानं लिव्हलीस. माझी कोण लिव्हणार?

वसीम : आज्जी, माणसं आजकाल लई लवकर दुखावत्यात...

धोंडुबाई : तू गप. त्यो पावणा झालेला चष्म्याचा पोरगा कुठाय?

वसीम : आदर्श? आमच्याच गल्लीत खोली घेऊन ऱ्हातोय. पुण्यासनं बँकेत बदली झालीय.

धोंडुबाई : त्या दिवशी मला एस्टी गाठायची हुती, मी तशीच निघालो. त्यो जेवला न्हवं?

वसीम : च्या सांगू का, आज्जी?

धोंडुबाई : वश्या.

वसीम : लाइटवाल्याची घाई हुती आज्जी. टेबल मोकळं करायचं हुतं.

धोंडुबाई : भरली वाटी म्होरनं उचलली?

संयोगिता : मी उचलली, आत्ती. माझ्या लक्षातच आलं नाही.

धोंडुबाई : किल्ली आण.

संयोगिता : आत्ती!

धोंडुबाई : काय ठरलं हुतं? जाहिरातीपायी एक जरी जुनं गिऱ्हाईक तुटलं, तर किल्ली माझी. ह्या चटणीचं जुन्यात जुनं गिऱ्हाईक मी हाय. तुटलं.

संयोगिता : वसीम, बोल की काहीतरी!

वसीम : मी आदर्शलाच फोन लावतो. त्याला राग न्हाई आला तर आज्जींचाबी उतरंल. ...हां, आदर्श! आरं, ती जाहिरात... हां... आईला पाठवलीस? लई हसल्या? भारी! ...न्हाई, आज्जी इचारत्यात, ती दुसरी वाटी... हां. ...हां. ...बरं.

संयोगिता : काय म्हणाला? राग नाही ना?

वसीम : न्हाई म्हणाला.

संयोगिता : बघा!

वसीम : म्हणाला, वाटी उचलली तवा वाटलं, हीपण आपली गंमतच करतायत, पुण्याचा म्हणून. म्हणून हसलो.

संयोगिता : आणि जेवला कुठं?

वसीम : मग खोलीवर जाऊन पोहे केले म्हणाला.

धोंडुबाई : पोहे!

संयोगिता : वसीम, तो कापलेला तुकडा आहे तुझ्याकडं?

वसीम : हाय लॅपटॉपात. पन जोडला तर पन्नास सेकंद हुत्यात. शेवटी दही, वारा, दुसरी वाटी. वहिनी, हसू मरतंय तितं.

धोंडुबाई : मेलं तर मरू दे. पावणा जगला पायजे.

संयोगिता : जोड. आणि तो दुकानदाराचा नंबर दे. ...नमस्कार, कोल्हापूरहून संयोगिता बोलतेय. जाहिरात जरा बदलतेय... नाही, विनोद तोच आहे, फक्त पुढं जेवण आहे... हो, वीस सेकंद जास्त... अहो, असं कसं... चाळीस? ...बरं. चाळीस तर चाळीस.

वसीम : शंभरचं चाळीस?

संयोगिता : म्हणाले, पाहुणा पोटभर जेवला तर मग त्यात बघायचं काय. दुसरं दुकान राहिलं. घ्या आत्ती, ही किल्ली.

धोंडुबाई : ठेव तुज्यापाशीच. तुटलेलं गिऱ्हाईक परत आलंय.

संयोगिता : खरंच?

धोंडुबाई : व्हय. वश्या, त्याला परत फोन लाव. म्हणावं, आज रविवार हाय, बँक न्हाई, एक वाजता जेवाय ये. आन् येतो-बघतो म्हणाला तर फोन माज्याकडं दे.

वसीम : लावतो. ...येतो म्हणाला, आज्जी. एकदाच इचारलं, लगेच येतो म्हणाला.

धोंडुबाई : आता हिशोब मांड पोरी, तुला लई आवडतं न्हवं. ह्ये हसू कुणाला केवढ्याला पडलं?

संयोगिता : दुकानदाराला काहीच नाही. वसीमला पुन्हा बसून जोडायचं काम. मला साठ किलो.

धोंडुबाई : आन् त्या पोराला?

वसीम : त्याला कामाचं पैसं आपण दिलंच नव्हतं, आज्जी. चटणीचं एक पाकीट दिलं, तेबी पाव किलोचं.

धोंडुबाई : म्हंजे हसली तीन लाख माणसं, आन् उपाशी गेला त्यो एकटा.