पाचवा प्रश्न

मालखाझ : घ्या ना, एतेरीबाई. द्राक्षाच्या रसातली अक्रोडाची माळ आहे, बायकोनं केलीय. किती वेळ हात पुढे करून उभा राहू?

एतेरी : ठेव बाकावर. लोक लाच म्हणतील. अर्ध्या तासात मीटिंग आहे, मला रग्बी क्लबमधून काढायची. अर्जावर पहिली सही तुझीच ना?

मालखाझ : माझीच. बाकीच्या दहा पोरांच्या बापांच्या सह्याही मीच गोळा केल्या.

एतेरी : मग आज एवढा गोड का झालास?

मालखाझ : पोराला, रेझोला, कुतैसीच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून आलो. डॉक्टर म्हणाले, रक्तस्राव नाही, पण मेंदूला चांगला हादरा बसलाय. त्याच दिवशी परत खेळला असता आणि डोक्याला दुसरा मार बसला असता तर पोर हाती लागलं नसतं. विचारलं, मॅचमधून बाहेर कोणी काढलं याला? म्हटलं, आमच्या क्लबच्या नर्सबाईंनी. म्हणाले, जाऊन पाय धरा त्यांचे.

एतेरी : पाय नको धरूस, गुडघे दुखतात माझे.

मालखाझ : थट्टा नाही, बाई. त्या दिवशी सगळ्यांदेखत काय काय बोललो तुम्हाला.

एतेरी : म्हातारी म्हणालास, घाबरट म्हणालास. तिसरं मी तोंडानं उच्चारत नाही. आणि दुखापतीचा फॉर्म माझ्या हातातून ओढून फाडलास. मी दुसरा भरला आणि रग्बी महासंघाला पाठवला.

मालखाझ : बरं केलंत. पण कळलं कसं तुम्हाला? पोरानं तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं धडाधड दिली होती.

एतेरी : देणारच. डोकं आपटलं की विचारायचे ते ठरलेले प्रश्न. मैदान कोणतं, हाफ कितवा, शेवटचे गुण कोणी मिळवले, मागची मॅच कोणाशी. तुम्ही बाप लोक रेषेबाहेरून ओरडून उत्तरं पुरवता. मी काय बहिरी आहे?

मालखाझ : मी तर मॅचच्या सकाळी खाताना त्याच्याकडून उत्तरं घोकूनच घेतो.

एतेरी : म्हणून पाचवा प्रश्न माझ्या मनचा विचारला. गेल्या रविवारी तुमच्या घरी मेजवानी कशाची होती?

मालखाझ : आणि तो म्हणाला, कसली मेजवानी?

एतेरी : तू हसलास. म्हणालास, मस्करी करतोय.

मालखाझ : त्याच्या धाकट्या बहिणीचा बाप्तिस्मा होता. तिला कडेवर घेऊन त्यानंच तिच्या नावानं लिंबूपाण्याचा पेला उचलला. हसलो खरा, पण घाबरलो होतो. म्हणून तर तुमच्यावर ओरडलो. पोर वाचवलंत माझं. जन्मभर विसरणार नाही.

एतेरी : माझे आभार मानू नकोस. तुझ्या वेळीही मीच होते इथं. झेस्ताफोनी गावाशी झालेल्या मॅचमध्ये तू डोक्यावर पडलास. मी नाकाखाली अमोनियाचा बोळा धरला आणि तुला परत मैदानात ढकललं.

मालखाझ : आणि शेवटच्या मिनिटाला मी रेषेपलीकडे चेंडू टेकवून मॅच जिंकून दिली. अजून प्रत्येक मेजवानीत सांगायला लावतात.

एतेरी : सांगतोसही झकास.

मालखाझ : लोकांकडून ऐकलेलं सांगतो.

एतेरी : म्हणजे?

मालखाझ : मला काहीच आठवत नाही, बाई. चेंडू नाही, शिट्टी नाही, घरी कसा गेलो तेही नाही. वीस वर्षं झाली. बायकोलासुद्धा बोललो नाही.

एतेरी : माझ्या हातून झालं ते.

मालखाझ : तेव्हा तुम्हाला तरी कोणी शिकवलं होतं? नंतर या वयात शिकून आलात, तेच खूप आहे.

एतेरी : अर्ज मागे घेशील?

मालखाझ : माझी सही खोडतो. पण बाकीचे ऐकायचे नाहीत. म्हणतील, मालखाझ डोक्यावर पडूनही मॅच जिंकला, त्याला काय झालं? सह्या मी तेच सांगून घेतल्या.

एतेरी : मग राहू दे. मी जाईन घरी. गावात मिरवायला तुझ्याकडे तेवढी एकच गोष्ट आहे.

मालखाझ : काल रेझो बाप्तिस्म्याचे फोटो बघत होता. मला विचारतो, बाबा, मी खरंच पेला उचलला होता? त्यालाही का आता माझ्यासारखी ऐकीव गोष्ट सांगत फिरायला लावू?

(क्लबचा अध्यक्ष ऑतार हॉलचं दार उघडतो.)

ऑतार : चला, सगळे जमलेत. मालखाझ, तक्रार तुझी, सुरुवात तूच कर. आधी ती झेस्ताफोनीची मॅच होऊन जाऊ दे, जरा रंगत येईल.

मालखाझ : तीच सांगतो. बाई, तुम्ही पुढं बसा. (हॉलमध्ये जाऊन) मंडळी, त्या मॅचमधलं मला काहीही आठवत नाही.